दम्याला किती गुण?

आभाच्या कागदावरचा ‘स्कोअर’ हा शब्द मी लाल पेनाने खोडला आणि त्याच्या डोक्यावर ‘गुण’ असं लिहिलं. सगळं तिथून सुरू झालं, म्हणून तिथूनच सांगते.

आभा माझी मुलगी. होमिओपॅथीची डॉक्टर. नाशिक रोडला आमच्या घराच्याच तळमजल्यावर तिचा दवाखाना आहे. जुनाट दुखणी घेऊन माणसं येतात. दमा, संधिवात, अर्धशिशी, वर्षानुवर्षं न हटणारी खाज. कुणाला बरं वाटतं, कुणाला वाटत नाही. आभाचं म्हणणं असं, की ‘माझे पेशंट बरे होतात’ हे डॉक्टरनेच सांगण्यात काही अर्थ नाही. पेशंटला स्वतःला काय वाटतं ते दर महिन्याला मोजायचं आणि जे निघेल ते चारचौघांत मांडायचं. त्यासाठी तिने एक पद्धत शोधून काढली होती. पेशंटने आपले दोन त्रास आपणच निवडायचे, त्यांच्यापायी अडून राहिलेलं एक काम निवडायचं, आणि प्रत्येकाला शून्य ते सहा यांतला एक आकडा द्यायचा. शून्य म्हणजे त्रास अजिबात नाही. सहा म्हणजे याहून वाईट काही असूच शकत नाही. पहिल्या भेटीत आभा पेशंटला समोर बसवून, कागदावर छापलेल्या शून्य ते सहाच्या पट्टीवर बोट ठेवून हे समजावून द्यायची. पुढचे आकडे फोनवर घ्यायचे होते, आणि तेही डॉक्टरने नाही. डॉक्टरला तोंडावर वाईट कोण सांगणार?

मग फोन करायला घरात रिकामटेकडी एकच होती.

मी शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण लाल पेन काही निवृत्त झालेलं नाही. आभाने मराठीत उतरवलेले प्रश्न वाचले आणि माझं डोकं फिरलं. ‘तुमच्या लक्षणाचा स्कोअर काय आहे?’ म्हणे.

“स्कोअर? क्रिकेट चाललंय का?”

“आई, लोकांना कळतं गं स्कोअर.”

“आणि गुण कळत नाही? ‘गुण’ न कळणारा एक मराठी माणूस मला दाखव.”

आभा गप्प बसली. भाषेचा विषय निघाला की ती माझ्यापुढे गप्पच बसते, त्यात तिचा दोष नाही, तिला मीच तशी वाढवली. मग मी प्रश्न असे केले: गेल्या आठवड्यात दम्याला किती गुण, झोपेला किती गुण, सांध्यांना किती गुण. सुटसुटीत. आभाने एकच बजावलं होतं, की आकडा सांगायच्या आधी पेशंटशी गप्पा मारायच्या नाहीत, नाहीतर माणूस आपल्या सुरात सूर मिसळून उत्तर देतो. ते मला फारच पटलं. शाळेत माझं ब्रीदच होतं: सूचना एकदाच दिली जाईल, उत्तर एका शब्दात द्यावे. शून्य म्हणजे काय आणि सहा म्हणजे काय हे आभाने एकदा सांगितलेलं होतं. दर फोनला तेच दळण दळायची मला गरज वाटली नाही.

त्या पेशंटांत छाया होती.

छाया माझी विद्यार्थिनी. तिचे वडील नोटांच्या प्रेसमध्ये कामाला होते, इथेच क्वार्टरमध्ये राहायचे. अभ्यासात बेताची, अक्षर मात्र सुरेख. कधी उलटून बोलली नाही. बाई म्हणतील ती पूर्व दिशा. लग्न होऊन येवल्याला गेली, घरात पैठणीचे माग होते, नवऱ्याच्या शेजारी बसून विणायला शिकली. नवरा गेला तसा माग तिने एकटीने चालू ठेवला, आणि मुलगी मनाली हिला शिकायला इथे नाशिकला हॉस्टेलवर ठेवलं. दमा तिला पहिल्यापासूनच. श्वासाचा पंप ती घ्यायचीच, शिवाय आभाच्या गोळ्या चालू करून बघू म्हणून आली. आभाने पहिल्याच दिवशी ठणकावलं होतं, “माझ्या गोळ्या असोत नसोत, पंप बंद करायचा नाही.” छायाने तीन गोष्टी निवडल्या: दम लागणं, रात्रीची झोप, आणि मागावर सलग बसणं. पट्टीवर तिचं बोट तिन्हींना पाचाच्या आसपास फिरत होतं.

मी पहिला फोन केला तो दिवस मला चांगला आठवतो, कारण मी फोन ठेवून आनंदाने चहा टाकला होता.

“छाया, गायधनी बाई बोलतेय. दम्याला किती गुण?”

पलीकडे तिने घसा खाकरला. मग, “बाई, खरं सांगू?”

“खरंच सांगायचं. आणि नुसता आकडा.”

“शून्य, बाई.”

“झोपेला?”

“शून्य.”

“मागावर बसण्याला?”

“त्याला बी शून्यच की.”

“शाब्बास!” मी म्हटलं.

आता हे सांगायला हवं, की मी कुणाला शाब्बास म्हणत नाही. शाब्बासकीने मुलं फुगतात आणि फुगलेली मुलं चुका करतात, असं माझं मत होतं. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीलाही मी ‘ठीक आहे, अक्षर सुधार’ म्हणून पेपर परत द्यायची. पण त्या दिवशी शब्द तोंडातून निघून गेला. छाया बरी झाली याचा मला आनंद होता आणि ती माझ्या लेकीच्या हातून बरी झाली याचा त्याहून जास्त.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. शून्य, शून्य, शून्य. मध्ये ती खोकली, म्हणाली, “बाई, जरा बोलायचं होतं, ते…”

“आकडे झाले की बोलू,” मी म्हटलं, आणि आकडे झाल्यावर शाब्बास म्हणून फोन ठेवला. दुसरा पेशंट वाट बघत होता.

त्याच्या पुढच्या महिन्यातही शून्यच आलं, तेव्हा आभा म्हणाली, “आई, छाया एवढी बरी आहे तर तिला तीन महिन्यांच्या तपासणीला येवल्याहून एसटीचे धक्के खात कशाला बोलवायचं? सांग तिला, आता लगेच यायला नको.” मी तसं सांगितलं. उलट चार शब्द पदरचे घातले. “छाया, डॉक्टर म्हणाल्या, आता तुला इकडे यायची गरज नाही. घरीच राहा, आराम कर, मुलीबरोबर आनंदात दिवस घालव.”

“यायचंच नाय आता, बाई?” तिने विचारलं, आणि मी नाही म्हटलं.

“बरं, बाई,” ती शेवटी म्हणाली. “तुम्ही लय केलं माझ्यासाठी.”

गुणी पोर, मी मनात म्हटलं.

आभाने संगणकावर सगळ्यांच्या रेघा काढल्या होत्या. छायाची रेघ पाचावरून निघून सरळ तळाला टेकली होती. रविवारी डॉक्टरांची परिषद होती, तिथे आभा ती पडद्यावर दाखवणार होती. मी तिला नेसायला माझी साडीही काढून ठेवली.

आणि मग हिरामण आले.

गुरुवारची सकाळ. दवाखाना अजून उघडायचा होता, मी ओट्यावर तुळशीला पाणी घालत होते. कळवणला ह्या गृहस्थांची पिठाची गिरणी आहे. दोन्ही हातांना कोपरापर्यंत जुनी खाज. फाटक लोटून आत आले ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“फोनवाल्या बाई त्या तुम्हीच का?”

“हो. बसा ना.”

“बसत नाय. आज तोंडावर सांगाया आलोय. खाजेला गुण शून्य! झोपेला गुण शून्य! दोन महिने झाले मी शून्य शून्य वरडतोय, आन तुम्ही म्हणता छान. छान काय, बाई? माणूस रातभर खाजवून रगत काढतंय आन तुमाला छान वाटतंय?” त्यांनी बाही वर सारली. हात बघवत नव्हता.

“अहो, पण शून्य म्हणजे त्रास नाही. पट्टीवर डॉक्टरांनी दाखवलं होतं ना तुम्हाला?”

“पट्टीवर तरास ईचारला होता. तुम्ही तरास कुठं ईचारला? तुम्ही ईचारलं, खाजेला गुण किती. गुण आलाच नाय तर काय सहा सांगू? आमाला खोटं बोलाया जमत नाय.”

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. पाणी पायांवर सांडत होतं ते कळलं नाही.

खाजेला गुण. खोकल्याला गुण. अमक्या वैद्याच्या हाताला गुण आहे, असं माझी आई उठल्याबसल्या म्हणायची. औषधाचा गुण येणे, म्हणजे औषध लागू पडणे. हा वाक्प्रचार मी स्वतः फळ्यावर लिहून पोरांकडून वाक्यात उपयोग करून घेतलेला आहे. आणि मला तो आठवला नाही! पेपर तपासून तपासून माझ्या डोक्यात गुण म्हणजे मार्क एवढंच उरलं होतं. दवाखान्यातून फोन आला, बाईंनी विचारलं दम्याला किती गुण, तर माणूस दुसरं काय समजणार? आराम किती पडला, हेच समजणार. आणि आराम पडला नसेल तर काय म्हणेल?

शून्य, बाई. त्याला बी शून्यच की.

मी तांब्या टाकून आत धावले.

छायाचा नंबर मला पाठ होता. ‘आपण संपर्क करत असलेला क्रमांक सध्या बंद आहे.’ पुन्हा लावला. बंद. कागदावर दुसरा नंबर होता तो तिच्या नवऱ्याचा, तो दुसऱ्याच कुणाला मिळालेला, त्या माणसाने राँग नंबर म्हणून फोन आपटला. तिचा भाऊ क्वार्टर सोडून केव्हाच पुण्याला गेला. मनालीचा नंबर आम्ही घेतलाच नव्हता. मनालीच्या हॉस्टेलवर फोन केला तर तिथल्या बाई म्हणाल्या, “ती तर सामान घेऊन घरी गेली. आईची तब्येत बरी नाही म्हणाली.”

आभा तोंड धुऊन येत होती. मी तिला सगळं एका दमात सांगितलं. वाटलं होतं ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“पंप,” ती एवढंच म्हणाली. “ती पंप घेते का हे शेवटचं कधी विचारलं आपण?”

विचारलंच नव्हतं. प्रश्न तीनच होते.

हिरामणच्या हाताला मलम लावून, रक्त येतंय तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून चिठ्ठी देऊन तिने गाडी काढली. हिरामण फाटकाशी येऊन मला म्हणाले, “बाई, माझा राग डोक्यात ठेवू नका. पर कुणाचं काय झालंय का?” मी गाडीत जाऊन बसले.

वाटेत मी यादीतल्या शून्यवाल्यांना एकेक फोन करत होते. एक आजी म्हणाल्या, गुडघे अगदी मोकळे झालेत, शून्य म्हणजे दुखत नाही असंच ना? एक जण म्हणाला, गुण कसला, डोकं तसंच ठणकतंय, पण तुम्ही एवढ्या प्रेमाने छान म्हणता तर वाद कशाला घालायचा. ज्यांनी तीन म्हटलं होतं त्यांचीच काळजी नव्हती, तीन दोन्हीकडून तीनच. निफाड मागे पडलं आणि छायाचा नंबर मी पुन्हा लावला. बंद.

“रविवारचं मी रद्द कळवलं,” आभा म्हणाली. “तिची रेघ सगळ्यात सुंदर आली होती गं, आई.”

“चूक माझी आहे.”

“फोन तू केलेस. पण तिला न तपासता येऊ नको म्हणून सांग, हे कोण म्हणालं? मी. शून्य बघून मला इतका आनंद झाला की एकदा छाती तपासावी हेसुद्धा सुचलं नाही.”

विंचूरला कांद्याचे ट्रॅक्टर रस्ता अडवून उभे होते. पुढचा हलेना, मागचा हॉर्न थांबवेना. मी काच खाली करून एका ट्रॅक्टरवाल्यावर वर्गात ओरडायचे तशी ओरडले आणि तो बिचारा खरंच बाजूला झाला. मनातल्या मनात काळारामाला साकडं घातलं. देवाला मी एरवी काही मागत नाही, पण त्या दिवशी नुसता ‘तिचा श्वास चालू असू दे’ एवढाच जप चालला होता. मध्येच तिचं वाक्य आठवायचं, ‘तुम्ही लय केलं माझ्यासाठी.’ असं कुणी महिन्याच्या फोनला म्हणतं का? असं माणूस निरोप घेताना म्हणतं.

येवल्यात छायाची गल्ली शोधायला वेळ लागला नाही. मागांची खटखट ऐकत गेलो. पण तिच्या घराशी आलो तर तिथला माग बंद होता.

दारात चपलांचा ढीग होता.

बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. टोप्या घातलेली माणसं मांडीवर हात ठेवून, खाली बघत गप्प बसलेली. आम्हाला बघून एकाने काही न बोलता पाय आवरून वाट दिली. असं दार मी आयुष्यात किती वेळा बघितलंय. आभाने माझा दंड धरला.

“छाया…” मी एका म्हाताऱ्याला म्हटलं. पुढचे शब्द येईनात. आयुष्यभर पोरांना वाक्य पूर्ण करा म्हणून दामटणारी मी!

“आत हायेत की. जा ना. मुलीकडच्या का तुम्ही?”

“मुलीकडच्या?”

“आज सुपारी फोडायची ना, मनालीच्या लग्नाची. आईची घाई चाललीय. तिला दमानं बोलवत नाय, म्हणून आमी बी गप बसलोय.”

जिवंत आहे! मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. पण आत पाऊल टाकलं आणि तो आनंद जिथल्या तिथे विरला. छाया भिंतीशी गादीवर बसली होती, पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. प्रत्येक श्वासाला खांदे वर उचलले जात होते आणि छातीतली शिट्टी मला दारात ऐकू येत होती. शेजारी मनाली, अंगावर पैठणी, डोळे रडून सुजलेले.

“पंप कुठाय?” आभा चपला न काढताच आत शिरली.

“कपाटात,” मनाली म्हणाली. “आईने बंद केलाय. म्हणाली, आता कशाला?”

आभाने पंप आणवला, तिच्या तोंडाला लावला, श्वास ओढ, धर, सोड, पुन्हा ओढ. मध्येच एका हाताने गावातल्या छातीच्या डॉक्टरांना फोन लावला, पेशंट घेऊन येतेय म्हणाली. मी नुसती उभी होते. मग शिट्टी जराशी उतरली, छायाने मान वर केली आणि मी तिला दिसले. एवढ्या दमातही ती उठायला बघत होती. बाई आल्या ना.

“बाई… तुम्ही एवढ्या लांब… भेटायला आलात?”

‘भेटायला’ हा शब्द तिने असा उच्चारला, की जणू मी तिला शेवटचं बघायला आले होते. मी तिच्यासमोर खाली बसले.

“फोन का बंद ठेवलास?”

“बोललं की… दम लागतो. सारखे फोन यायचे.”

“छाया, ऐक. माझी चूक झाली. तू शून्य म्हणायचीस ना, ते मी त्रास शून्य असं धरलं. मला वाटलं तू बरी झालीस. म्हणून येऊ नको म्हटलं.”

ती माझ्याकडे बघून हसली. तिचा माझ्यावर विश्वास बसला नाही हे मला स्पष्ट दिसलं.

“बाई, नका लपवू. मला… कधीच कळलंय.”

“काय कळलंय तुला?”

“मी शून्य म्हणायची. तुम्ही शाब्बास म्हणायचात.” ती थांबली, श्वास घेतला. “शाळेत… एकदा नाय म्हणालात. कुणालाच नाय. मी मनालीला म्हटलं, बाईंनी शाब्बास म्हटलं… म्हणजे आपलं आता काय खरं नाय. जाणाऱ्या माणसाशीच… असं गोड बोलतात.”

मनाली हुंदका देऊन म्हणाली, “आणि मग तुम्ही म्हणालात, यायची गरज नाही, घरी आनंदात दिवस घालव. पप्पांच्या वेळी मोठ्या दवाखान्यात हेच सांगितलं होतं. घरी न्या म्हणाले होते.”

“हिचं तेवढं मार्गी लागलं… की मी मोकळी,” छाया म्हणाली.

मी तिचा हात हातात घेतला. “नाही गं बाळा, तुला काही झालेलं नाही. तू अगदी बरी होशील. माझी शहाणी मुलगी…” मी बोलत होते आणि तिचा चेहरा शब्दागणिक उतरत होता. मला आधी कळेचना. मग कळलं. मी जितकी गोड बोलत होते तितकी ती मरणाच्या जवळ जात होती. माझ्या तोंडच्या गोड शब्दाचा तिला दुसरा अर्थच माहीत नव्हता, आणि तो तिला माहीत नव्हता याला मीच कारण होते. लाज वाटली, भयंकर राग आला, माझाच मला. पण माझा राग निघायचा एकच रस्ता इतकी वर्षं मळलेला आहे.

“छाया!” मी हात सोडला. “सरळ बस! अक्कल काय गहाण टाकली होतीस? डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं, पंप बंद करायचा नाही. आणि तू कपाटात ठेवून कुलूप लावलंस? काय गुण उधळलेस हे! प्रश्न कळला नाही तर बाईंना विचारावं, एवढं पाचवीच्या पोरालाही कळतं. तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होतीस का? आणि ह्या पोरीला कॉलेजातून उचलून सुपारी? कुणाला विचारून? गाढव कुठली! एवढं सुरेख अक्षर आणि डोक्यात नुसता भुसा!”

बाहेरच्या खुर्च्या करकरल्या. आभाने “आई!” म्हणून मला आवरायला हात पुढे केला, आणि तो मध्येच थांबला, कारण छाया माझ्याकडे बघत होती. डोळे मोठे करून, तोंड उघडं टाकून बघत होती. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

“बाई,” ती म्हणाली, “म्हणजे मी… जगणार?”

“जगणार! नाही जगलीस तर माझ्याशी गाठ आहे.”

ती हसली, हसताना खोकली, आभाने पुन्हा पंप लावला. श्वास जागेवर आल्यावर तिने मनालीला जवळ ओढलं. “बाहेर सांग… आज सुपारी नको म्हणावं. राग मानू नका म्हणावं. आईला… दवाखान्यात न्यायचंय.” मनालीने पदर कमरेला खोचला आणि ती इतक्या झपझप बाहेर गेली, की हे स्थळ तिला हवं होतं का नको हे कुणाला विचारावंच लागलं नाही.

आम्ही दोघींनी छायाला दोन बाजूंनी धरून गाडीपर्यंत आणलं. माणसं आपापल्या चपला शोधत बाजूला झाली. ती मागच्या सीटवर माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली, अंग तापलेलं, छातीत अजून घरघर. गाडी हलली तशी तिने माझा हात चाचपून धरला.

“बाई.”

“बोलू नकोस. दम लागेल.”

“मी नाय बोलत. तुम्ही बोला ना आणखी.”

“काय बोलू?”

“तेच. रागवा.”

मग मी रागवत राहिले. दवाखाना येईपर्यंत तिला गाढव म्हटलं, बिनडोक म्हटलं, वर्गाबाहेर अंगठे धरून उभी करीन म्हटलं, आणि डोळ्यांना पदर लावायलासुद्धा हात मोकळा नव्हता, कारण तो तिने घट्ट धरून ठेवला होता.